याकोबाचा कळप आणि आजची कोंबडी

वाचनाचा भाग : उत्पत्ति ३०:२५–४३, ३३:१२–१४

लाबानाच्या कळपातील सशक्त जनावरे पारखून याकोबाने त्यांचीच पैदास आपल्याकडे कशी वळविली, हे ३० व्या अध्यायात सांगितले आहे. (सोललेल्या फाट्यांविषयी वाद घालणाऱ्यांनी ३१ वा अध्यायही वाचावा.) आपला शेतकरीसुद्धा खिल्लार वळू पारखूनच घेतो. तेव्हा निवड करण्यास कोणी दोष देणार नाही. मात्र तिचा भार कोणावर पडतो, हे पाहिले पाहिजे.

अमेरिकेत १९४८ साली ‘उद्याची कोंबडी’ ह्या नावाची राष्ट्रीय स्पर्धा झाली. भरदार छातीच्या व लवकर वाढणाऱ्या पक्ष्यांस तीत मान मिळाला, आणि पुढे मांसाच्या कोंबडीची पैदास बहुतांशी ह्याच गुणांकडे पाहून होत गेली. कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ व २००५ ह्या सालांच्या जातींची पिले एकाच खाद्यावर वाढविण्यात आली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात ५६ व्या दिवशी त्यांची सरासरी वजने अनुक्रमे ९०५, १८०८ व ४२०२ ग्रॅम भरली.

ह्या वाढीने मांस स्वस्त झाले. ज्या घरी केवळ नाताळात कोंबडी शिजे, तेथे ती आता अधिक वेळा शिजते. हे गरिबांचे हित आहे व ते मी हलके लेखीत नाही. परंतु मांसाच्या वेगाने पाय व हृदय बळावत नाहीत. पुष्कळ पिले लंगडतात, कित्येक बसल्या जागेवरून उठत नाहीत, काहींच्या पोटात पाणी साठून ती दगावतात.

ह्या पिलांच्या आईबापांची स्थिती तर फारच विलक्षण. अंड्यांकरिता त्यांना वर्षाहून अधिक काळ जगवावे लागते; पण पोटभर खाऊ घातल्यास ती अति जड होतात, अंडी नीट देत नाहीत व लवकर मरतात. म्हणून वाढत्या वयात त्यांना भुकेपेक्षा फार कमी दाणा मोजून घालतात. दिला तरी दुःख, न दिला तरी दुःख! धनी कितीही कनवाळू असो, ती भूक त्याला निर्दोषपणे भागविता येत नाही. कारण ती जातीच्या रक्तातच उतरविलेली आहे.

निवडीत इतका कुशल असलेला याकोब एसावाबरोबर दौडत जाण्यास का कबूल झाला नाही, हे ३३ व्या अध्यायात पाहा. पाजणाऱ्या जनावरांस एकच दिवस दामटले तरी कळप मरेल, हे तो जाणत होता. येथे तर ते दामटणे जन्मापासून अंगातच आहे.

उपाय मुळीच नाही असे नाही. पैदास करताना पायांचे बळही मोजले तर ते सुधारते, आणि पैदास करणाऱ्या कंपन्या अलीकडे तसे काही अंशी करीत आहेत. हैदराबाद येथील सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेने परसातील पालनासाठी ‘वनराज’ ही जात तयार केली. ती ब्रॉयलरपेक्षा सावकाश वाढते, पण अंगणात हिंडून आपले किडेमुंगी टिपते.

आपल्या मंडळ्यांतील जे बंधू कंपनीशी करार करून शेड चालवितात, त्यांच्या हाती जातीची निवड नसते. येतील ती पिले त्यांना वाढवावी लागतात. त्यांना बोल लावण्यापूर्वी उपदेशकांनी हे ध्यानात घ्यावे. त्यांच्या हाती आहे ते असे : रोज सकाळी शेडमधून सावकाश फिरावे, आणि जे पिलू पाण्यापर्यंत पोहोचू शकत नाही ते गाडी येईपर्यंत तसेच तळमळत ठेवू नये.