होडी किनाऱ्यावर ओढताना श्रम कसे वाचवाल?



रत्नागिरी जिल्ह्यात शेतीबरोबर छोटी होडी बाळगणारी कुटुंबे बरीच आहेत. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिकी नौकांना मासेमारी बंदी असते. त्याआधी होडी वर ओढून शाकारावी लागते आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाण्यात लोटावी लागते. पूर्वी हाक मारली की वाडीतले दहा-बाराजण धावत येत. आज तरुण मंडळी मुंबईला असतात आणि घरच्या तीन-चार माणसांवरच भार पडतो. त्यातून कंबर धरणे, बोटे चेंगरणे, होडीचा तळ खरवडणे असे प्रकार घडतात. म्हणून पुढील बाबी लक्षात घ्याव्यात.

१) श्रमाचा हिशेब
रिकामी होडी ६०० किलोची व किनाऱ्याचा चढ दहास एक धरू. चढासाठी ६० किलो ओढ लागते. कोरड्या वाळूत तळ घासत गेल्यास वजनाच्या सुमारे निम्मी, म्हणजे आणखी ३०० किलो ओढ लागते. एक माणूस सतत ३० किलो ओढू शकतो असे मानल्यास १२ माणसे हवीत. फळ्यांवर लाकडी रूळ ठेवून ओढल्यास घासण्याचा भाग ढोबळमानाने ६० किलोवर येतो. एकूण ओढ १२० किलो, म्हणजे चार माणसे पुरतात. थोडक्यात, जोर चढापेक्षा वाळूत जास्त वाया जातो.

२) भरतीचा उपयोग
अमावास्या व पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाणाची भरती मोठी असते. तेव्हा होडी पाण्यावरच बरीच वर येते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती लहान असते. तो दिवस टाळावा. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, हे ध्यानात ठेवून माणसे आधीच जमवावीत. मात्र लाटा मोठ्या असतील तर घाई करू नये.

३) होडी हलकी करणे
इंजिन, जाळी, नांगर, बर्फाची पेटी उतरवावी. तळातील पाणी उपसावे. ५० लिटर पाणी म्हणजे ५० किलो ओझे.

४) रूळ व फळ्या
सुरूचे सरळ, १० ते १२ सेंमी जाडीचे, सव्वा मीटर लांबीचे पाच-सहा रूळ पुरतात. किनाऱ्यावरील सुरूबन तोडू नये. ते वाऱ्याला आडोसा देते. रूळ वाळूत रुततात, म्हणून खाली फळ्या टाकाव्यात. मागे सुटलेला रूळ पुढे आणून ठेवावा. रूळ सरळ करताना होडीखाली हात घालू नये, काठीने सरकवावा.

५) कप्पी व खुंट
दोराचे एक टोक वर खुंटाला बांधावे. दोर नाळेजवळील कप्पीतून घेऊन परत वर आणावा व ओढावा. दोर दुप्पट ओढावा लागतो, पण जोर जवळजवळ निम्मा लागतो. १२० किलोचे काम सुमारे ७० किलोत होते. कप्पी नाळेच्या टोकाला न अडकवता खाली, पठाणाजवळ अडकवावी.

खुंट म्हणून माडाचे खोड वापरू नये. आंबा-फणसाप्रमाणे माडाच्या खोडाची जखम भरून येत नाही आणि अशा जखमेतून सोंड्या भुंग्याचा शिरकाव होतो. त्याऐवजी एक ओंडका दोराला आडवा, मीटरभर खोल पुरून त्याला दोर बांधावा.

६) दोन चाकी गाडा
होडी वारंवार काढायची असल्यास गाडा करून घ्यावा. चाके रुंद असावीत व वाळूत हवा थोडी कमी ठेवावी. गाडा पाण्यात नेऊन होडी त्यावर तरंगत आणावी, मध्यावर आल्यावर बांधावी आणि मगच ओढावे. उतरवतानाही होडी तरंगेपर्यंत गाडा आत न्यावा. काम संपल्यावर गाडा गोड्या पाण्याने धुऊन बेअरिंगला ग्रीस भरावे, अन्यथा खारे पाणी एका हंगामात ते खाते.

७) सुरक्षितता
चढावर होडीच्या मागे व ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी, विशेषतः मुलांनी, उभे राहू नये. थांबताना रुळांना पाचर लावावी. हाक एकाच अनुभवी माणसाने द्यावी.

रूळ, फळ्या, दोर व कप्पी हे साहित्य चार घरांनी मिळून घेतल्यास खर्च वाटला जातो. यंदाच्या उधाणापूर्वी ते तयार ठेवावे, म्हणजे होडीही सुरक्षित राहील आणि भातलावणीला कंबरही शाबूत राहील.