मॅक ॲड्रेस हाताशी आहे, आयपी सापडत नाही

सोसायटीच्या गेटवर कॅमेरा बसवणारा आता फोन उचलत नाही. खोक्यावरच्या लेबलावर मॅक ॲड्रेस तेवढा छापलेला आहे आणि सेटिंग बदलायचं तर आयपी ॲड्रेस हवा. ऑफिसातल्या प्रिंटरच्या बाबतीतही हेच होतं. आयपी शोधता येतो, पण सरळ विचारून नाही. १९८२ सालापासून चालत आलेला एआरपी हा प्रोटोकॉल ‘१९२.१६८.१.२० कोणाचा?’ असं सगळ्यांना विचारतो आणि उत्तरात मॅक मिळवतो. आपल्याला नेमकं उलट हवंय. म्हणून सगळ्यांना एकदा हाक मारायची आणि कोणी ओ दिली ती यादी वाचायची.

आधी लेबल नीट वाचा. मॅकमध्ये १२ अंक-अक्षरं असतात, ० ते ९ आणि ए ते एफ. पहिली सहा बनवणाऱ्या कंपनीची, त्यामुळे एकाच कंपनीचे आठ कॅमेरे असतील तर ती बहुधा सगळीकडे तीच दिसतील. शेवटची सहा कागदावर उतरवा, समजा ९ए-०४-७सी. प्रिंटरवर केबलचा आणि वाय-फायचा असे दोन मॅक असतात. प्रिंटर ज्याने जोडलाय तोच घ्या.

मग राउटर. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘डिफॉल्ट गेटवे’पुढे जो आकडा दिसतो तो ब्राउझरमध्ये टाका, लॉगिन करा आणि डीएचसीपी क्लायंटची यादी उघडा. मॅकसमोरच आयपी लिहिलेला असतो. निम्म्या लोकांचं काम इथेच संपावं. पण ज्या उपकरणाला आयपी हाताने बांधून दिलाय ते या यादीत येत नाही, आणि कॅमेरे बसवणारे नेमके तसंच करून जातात.

तेव्हा त्याच राउटरला जोडलेल्या संगणकावर बसा. मोबाइलवरच्या ॲपच्या नादी लागू नका. नवे अँड्रॉइड आणि आयफोन अशा ॲपना शेजारच्या उपकरणांचे मॅक वाचू देत नाहीत. गेस्ट वाय-फायही नको, तिथून बाकीची उपकरणं सहसा दिसतच नाहीत. विंडोजवर ॲडव्हान्स्ड आयपी स्कॅनर हा फुकट प्रोग्राम पुरेसा आहे. तो १ ते २५४ सगळ्या पत्त्यांना हाक मारतो आणि प्रत्येकाचा मॅक शेजारी दाखवतो. हाताने २५४ वेळा पिंग करण्याचा उद्योग कोणी करू नये.

स्कॅनच्या यादीत मॅकचा रकाना रिकामा दिसला तर लगेच कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘एआरपी’ लिहा, एक स्पेस, वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून ‘ए’, मग एंटर. (हे इंग्रजी लहान अक्षरांत.) डावीकडे आयपी, मधे मॅक. लगेच अशासाठी, की या नोंदी थोड्याच वेळात पुसल्या जातात. कॅमेऱ्याने पिंगला उत्तर दिलं नाही तरी घाबरू नका: पिंग अडवणारी उपकरणंही एआरपीला उत्तर देतात, नाहीतर नेटवर्कवर त्यांच्याशी बोलताच येणार नाही. ॲपलच्या मॅक संगणकावर हीच आज्ञा टर्मिनलमध्ये चालते, फक्त तिथे सुरुवातीचं शून्य गाळलं जातं. आपला ‘०४’ नुसता ‘४’ दिसेल, आणि डॅशऐवजी विसर्गासारखे दोन ठिपके. शोधताना फसायला होतं ते इथेच.

तरीही नाव नाही? मग कॅमेरा बहुतेक दुसऱ्याच रांगेत बसलाय, म्हणजे तुमचं नेटवर्क १९२.१६८.१ चं आणि त्याचा पत्ता १९२.१६८.० मधला. एआरपीची हाक आपल्या रांगेपलीकडे जात नाही. माहितीपुस्तिकेत कारखान्यातला मूळ आयपी पाहा, लॅपटॉपला त्याच रांगेतला दुसरा आयपी तात्पुरता द्या आणि पुन्हा स्कॅन करा. माहितीपुस्तिकाही हरवली असेल तर कंपनीचं स्वतःचं शोधक सॉफ्टवेअर वापरा. ते बऱ्याचदा रांग वेगळी असली तरी कॅमेरा हुडकतं.

सापडलेला आयपी ब्राउझरमध्ये उघडून खात्री करा. नंतर कॅमेऱ्यात डीएचसीपी चालू करा आणि राउटरच्या ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये तो मॅक आणि आयपी एकत्र बांधून टाका, म्हणजे वीज गेली-आली तरी पत्ता बदलणार नाही. आत शिरलाच आहात तर कारखान्यातून आलेला पासवर्डही आजच बदला.