अडखळणारे चित्र

इ. स. २०२० च्या मार्च महिन्यात शाळांची दारे बंद झाली व आम्हां शिक्षकांवर पडद्यावरून शिकविण्याचा प्रसंग आला, हे आमच्या वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या वर्षी आमच्या नववीच्या वर्गात एक विद्यार्थी असा होता की, त्यास प्रश्न विचारावा आणि त्याने तोंड अर्धवट उघडे ठेवून निश्चल बसावे. असे तीनचार वेळा झाल्यावर आम्ही सर्व वर्गादेखत त्यास, 'लक्ष नसेल तर खुशाल उठून जा,' असे बोललो. पुढे दिवाळीच्या सुटीत त्याच्या घरी जाण्याचा योग आला, तेव्हा कळले की मुलगा दर वेळी उत्तर देत असे. त्याचे चित्र व त्याचा शब्द हीच आमच्यापर्यंत पोहोचत नसत. वडिलांनी या विघ्नावर उपाय म्हणून दरमहा जवळजवळ दुप्पट पैसे भरून अधिक वेगाची योजना घेतली होती, व तिचा काडीइतकाही उपयोग झाला नव्हता. दोष कोठे होता ते पुढे सांगू. तो शोधावा कसा, हे आधी पाहणे अवश्य आहे.

चित्र आपल्यापर्यंत तीन टप्प्यांनी येते. पुरवठादाराच्या केंद्रापासून घरातील राउटरपर्यंत तारेने, राउटरपासून मोबाईल वा लॅपटॉपपर्यंत रेडिओलहरींनी, आणि शेवटी त्या यंत्राच्या पोटात, जेथे आलेल्या आकड्यांचे पुनः चित्र बनते. यांपैकी कोठेही खोळंबा झाला तरी पडद्यावर दिसणारे लक्षण एकच, ते गरगर फिरणारे चक्र. तापाची कारणे अनेक असतात म्हणून वैद्य आधी नाडी पाहतो, तसेच येथेही करावे लागते.

पुष्कळ पालकांची गफलत होते ती येथे : 'रात्री सिनेमा चांगला चालतो, मग तुझा वर्गच कसा बंद पडतो?' असे ते मुलास विचारतात, व मुलगा सबब सांगतो असा ग्रह करून घेतात. सिनेमा पाहताना यंत्र पुढील काही सेकंदांचा भाग आधीच आणून साठवून ठेवते. गच्चीवर टाकी असली म्हणजे नळ क्षणभर बंद झाल्याचे घरात कळत नाही, तसाच हा प्रकार होय. शिवाय वेग मंदावला की यंत्र आपण होऊन कमी स्पष्टतेचा भाग मागविते. चित्र पुसट होते, पण थांबत नाही. थेट चालणाऱ्या वर्गात अशी टाकी नसल्यासारखीच असते. उत्तर दहा सेकंदांनी पोहोचले तर संभाषण व्हावे कसे? नळाखाली ओंजळ धरून पाणी पिणाऱ्यास धार तुटलेली तत्काळ कळते. तेव्हा त्या मुलाचे म्हणणे बहुधा खरेच असते.

आता वेगाविषयी. सिनेमाच्या चांगल्या स्पष्ट चित्रास दर सेकंदास सुमारे ५ मेगाबिट पुरतात, व घरोघरच्या योजना याहून कितीतरी मोठ्या असतात. अर्थात् योजना अपुरी असणे हे कारण क्वचितच आढळते. (८ बिटांचा १ बाइट होतो. ४० मेगाबिटांच्या योजनेवर सेकंदास फार तर ५ मेगाबाइट उतरणार, हे ध्यानात न घेता 'कंपनीने आठपट लुबाडले' म्हणून भांडणारे सुशिक्षित गृहस्थ आम्ही पाहिले आहेत.)

परीक्षा अशी करावी. लॅपटॉप असल्यास तो तारेने राउटरला जोडून तोच व्हिडिओ पाहावा. केवळ मोबाईल असल्यास तो राउटरपासून दोन हातांवर आणून पाहावे. तेथे चित्र सुरळीत चालले व आतल्या खोलीत अडखळले, तर दोष घरातच आहे. जवळही अडखळले, तर घरातील इतर यंत्रे बंद करून पाहावे. एखाद्याचा मोबाईल त्या वेळी शेकडो छायाचित्रे गुपचूप वर पाठवीत असतो, आणि बाहेर जाणारी वाट तुंबली की मुलाचा शब्द आधी अडतो. तरीही फरक न पडल्यास दुसरे यंत्र घेऊन पाहावे. तेही अडखळले म्हणजेच बाहेरच्या तारेवर संशय घ्यावा, व कोणत्या दिवशी किती वाजता चित्र थांबले हे वहीत टिपून तक्रार करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेतील नियम येथेही पाळावा. राउटर बंद करून पुनः सुरू केल्याने कधी कधी काम भागते खरे, पण दोष कोठे होता ते त्यायोगे कळत नाही.

आमच्या अनुभवात बहुतेक वेळा दोष दुसऱ्या टप्प्यात सापडला आहे. राउटर बहुधा दोन प्रकारच्या लहरी सोडतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची असते. ती भिंतीतून त्यातल्या त्यात बरी जाते, परंतु तिच्या पट्ट्यात शेजाऱ्यांच्या राउटरांची दाटी असते, आणि मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात चालते. ५ गिगाहर्ट्झची लहर याच्या निम्म्याहूनही आखूड. तिचा वेग अधिक, पण भिंतीपुढे ती लवकर थकते. आपल्याकडील दीड हात जाडीच्या काळ्या दगडी भिंतीपुढे तर फारच. पाणी लहरींना शोषून घेते आणि लोखंडी पत्रा त्यांना परतवितो. आचार्य जगदीशचंद्र बसूंनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास भिंतीपलीकडील घंटा अशा अदृश्य लहरींनी वाजवून दाखविली, हे विद्यार्थ्यांनी वाचले असेल. घंटेस एक धक्का पुरे झाला; चालत्या चित्रास धक्क्यांची अखंड रांग लागते. म्हणून राउटर घराच्या मध्यभागी, उंच व मोकळ्या जागी ठेवावा. वीज वारंवार जात असेल तर त्यास लहानशी बॅटरी जोडावी.

त्या विद्यार्थ्याच्या घरी राउटर लोखंडी कपाटात, कुलुपात होता. धाकटी भावंडे हात लावतील म्हणून वडिलांनी तो तेथे ठेविला होता. आम्ही तो बाहेर काढून फळीवर ठेवविला, व आतल्या खोलीतून त्या मुलास आमच्या मोबाईलशी बोलावयास लाविले. शब्द न् शब्द ऐकू आला. सुटीनंतरच्या पहिल्याच तासाला आम्ही सर्व वर्गादेखत त्याची क्षमा मागितली. वडिलांनी पुढच्या महिन्यापासून जुनी, स्वस्त योजना पुनः सुरू केली. तिच्यावर त्याचा दहावीचा अभ्यासही पार पडला.