कुंपणालगत वाळाच का?

प्रश्न : लातूरला घर आहे. काळी जमीन, उन्हाळ्यात पाण्याचे हाल. कुंपणालगत उंच, वर्षानुवर्षं टिकणारं देशी काही सुचवाल का?

उत्तर : वाळा लावा. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरात फुलांआधी मुळं बघावीत. वाळ्याची मुळं आडवी न पसरता सरळ दोन-तीन मीटर खाली जातात. त्यामुळे शेजारच्या गुलाबाचं पाणी तो फारसं पळवत नाही आणि भेगाळणाऱ्या मातीतही तग धरतो. गवतच ते, बागभर माजेल, ही शंका रास्त आहे. पण लागवडीच्या वाळ्याचं बी सहसा रुजत नाही, ठोंब फोडूनच तो वाढवतात. पावसाळ्याच्या तोंडावर वीतभर अंतराने ठोंब लावा. पहिला उन्हाळा मात्र पाणी द्यावंच लागेल. माठात टाकायला मुळं हवीत म्हणून अख्खी रांग उपटू नका, कडेचा एखादा ठोंब पुरतो.