बस्तिशोथजन्य रक्तमूत्रता : हेतू व चिकित्सा

मूत्रावाटे रक्त येणे हे लक्षण आहे, स्वतंत्र व्याधी नव्हे. म्हणून हेतुनिश्चिती हेच चिकित्सेचे प्रथम अंग होय.

हेतू : बहुतांशी ई. कोलाय जंतूंचा संसर्ग. याशिवाय मूत्राश्मरी, सायक्लोफॉस्फमाइडसारखी औषधे व श्रोणिप्रदेशी झालेली किरणचिकित्सा. हिचा परिणाम काही वर्षांनंतरही प्रकट होतो. रिफॅम्पिसिन वा बीट यांनीही मूत्र लाल दिसते. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली रक्तकण आढळत नाहीत.

लक्षणे : दाह, वेदना, वारंवार अल्प प्रवृत्ती व सरक्त मूत्र. ही पित्तज मूत्रकृच्छ्राची लक्षणे होत.

चिकित्सा : चरकाचार्यांनी रक्तपित्तचिकित्सेत शतावरी-गोक्षुरसिद्ध क्षीर सांगितले आहे. क्षीरपाकासाठी द्रव्य १० ग्रॅम, दूध ८० मि.ली. व पाणी ३२० मि.ली. घेऊन केवळ दूध शेष ठेवावे. तृणपंचमूलही उपयुक्त. कटु, अम्ल, लवण, मद्य व आतपसेवन वर्ज्य. जंतुसंसर्ग असल्यास मूत्रसंवर्धन तपासणी करून प्रतिजैविकांची योजना व्हावी. थंडी वाजून ज्वर, रक्ताच्या गुठळ्या, मूत्रावरोध किंवा गर्भावस्था असल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

चरकोक्त योग मूत्रमार्गातून ‘सरुज’ येणाऱ्या रक्तासाठी विशेषत्वाने सांगितला आहे, हे ध्यानी ठेवावे. चाळिशीनंतर, विशेषतः तंबाखूसेवन करणाऱ्यास, वेदनारहित रक्त येत असल्यास मूत्राशयाच्या कर्करोगाची शंका घ्यावी. असे रक्त आपोआपही थांबते. ते थांबणे म्हणजे उपशय नव्हे. सोनोग्राफी व दुर्बिणीद्वारे तपासणी करवावीच. औषधविक्रेत्यांनीही ‘वेदना आहे काय?’ हे विचारल्याखेरीज औषध देऊ नये.