गीझर बदलायचा कधी, आणि खर्च किती?

रायपूरची थंडी दोन-अडीच महिन्यांची. त्यामुळे बूढ़ापाऱ्यातल्या घरांत गीझरची आठवण होते ती डिसेंबरच्या तोंडावर. तेव्हा तो बंद पडलेला निघाला की घाईघाईत नवा आणला जातो. बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

पाणी तापतच नसेल, तर कॉइल किंवा थर्मोस्टॅट गेलेला असतो. दोन्ही सुटे मिळतात. मजुरीसकट साधारण हजार-दीड हजारात काम होतं. तापायला फार वेळ लागत असेल, तर कॉइलवर क्षाराचा पांढरा थर बसलेला असतो. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांकडे हे हमखास होतं. टाकी उघडून साफ करून घ्या आणि मॅग्नेशियमचा रॉडही तपासायला सांगा. टाकीऐवजी गंज स्वतःवर घेणारा हा रॉड झिजून संपला, की गंज टाकीला लागतो. तो वेळेत बदलला तर टाकी कित्येक वर्षं जास्त टिकते, पण मिस्त्री आपणहून क्वचितच सांगतो.

गळती मात्र नीट बघा. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडले, तर ते त्याचं कामच आहे. पाइपाच्या जोडातून गळत असेल, तर प्लंबर पुरे. टाकीच्या बुडातून पाणी येत असेल किंवा गरम पाणी तांबूस येऊ लागलं आणि टाकीची वॉरंटीही संपली असेल, तर तिच्यावर पैसे घालू नका.

नवा 15 लिटरचा गीझर साधारण सहा ते दहा हजारांत येतो, 25 लिटरचा आठ ते तेरा हजारांत. बसवण्याचे आणि पाइपांचे पैसे वेगळे. बादलीनं आंघोळ करणाऱ्या चौघांना 15 लिटर पुरतो. 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 50 वर न्यायला जेमतेम एक युनिट लागतं. आपली थंडी इतकी छोटी, की वीजबचतीच्या एका जादा स्टारसाठी दोन हजार मोजले तर ते वसूल व्हायला वर्षं लागतील.

तेच पैसे अर्थिंगवर घाला, असं माझं ठाम मत आहे. जुन्या घरांत तिसरी तार अनेकदा नुसती नावाला असते. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, 16 अँपिअरची स्वतंत्र लाइन ओढा आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. हे झाल्याशिवाय नवा गीझर सुरू करू नका. पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड जपा. कंपनीनं दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.