नेम चांगला आहे, पण…

प्रश्न : मे महिन्यात मालवणला जातोय. रात्री उथळ पाण्यात, दिव्याच्या उजेडात धनुष्यबाणाने मासे मारता येतील का? माझा नेम चांगला आहे.
– एक वाचक, नांदगाव (नाशिक)

उत्तर : नुसता नेम पुरत नाही. वक्रीभवनामुळे मासा असतो त्याहून वर दिसतो. बाण त्याच्या खाली मारावा लागतो. अमेरिकेत लुइझियानाच्या किनाऱ्यावर वाटाड्यासह अशा सफरी निघतात. मालवणला मात्र हा बेत सोडाच. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. शिवाय अंधारात समोर कासव आलं तर? ते वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे आणि सुटलेला बाण परत येत नाही.

हौस मात्र भागेल. अभयारण्याबाहेर स्थानिक मच्छीमाराबरोबर गळ टाकायला जा. लाइफ जॅकेट घाला. उथळ पाण्यात पाय घासत चाला, म्हणजे वाळूतलं काटेरी पाकट आधीच सरकतं. १ जूनपासून यांत्रिक नौकांना पावसाळी बंदी असते, त्यामुळे मे योग्यच.